निकोडे मास्तरांची दुसरी कुंडी

“तोडा! काऊन थांबले? मुळासकट तोडा!”

गोविंदा पाटील ओरडत शाळेच्या फाटकातून आत शिरला. आवाज असा, की कौलांवरची माकडं उतरून मुकाट चौथीच्या वर्गात जाऊन बसली. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पण त्या दिवशी चौथीची हजेरी पटापेक्षा जास्त भरली होती. पाटलामागे दोन कुऱ्हाडवाले, त्यांच्यामागे अख्खं गाव, आणि हे सगळे कुठं निघाले ते आपल्यालाही कळावं म्हणून गावामागे गावाची कुत्री. सगळ्यांच्या पुढ्यात, विहिरीजवळच्या बांबूच्या बेटाला दोन्ही हातांनी कवळून आमचे निकोडे मास्तर उभे होते. टोपी तिरपी, सदऱ्याला खडू, चष्म्याच्या एका काडीच्या जागी सुतळी.

“मास्तर, बाजूले सरा!”

“नाई सरत.”

“अजी, बांबू फुलला! उंदरं येतीन, धान खातीन, दुष्काळ पडन. पाळन्यातल्या पोरालेही समजते हे!”

“उंदरं येतीन हे खरं हाये,” मास्तर बांबूतूनच म्हणाले. “बांबूचं बी खाऊन उंदरं माजतात, मंग शेतात घुसतात. त्याले मी नाई म्हनत नाई. पन फुलला काऊन, ते सांगा ना.”

“तुमच्यानंच फुलला! देवाच्या ठान्याजवळचा कंद आनला अन् त्याले रोज पोरायचं उष्टं पानी घातलं. देव कोपन नाई तं काय करन?”

आता ज्यांनी आमचं रान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांबू जन्मात एकदाच फुलतो. माणसाचं अर्धं आयुष्य निघून जातं तोवर नुसता वाढत राहतो, आणि मग एका वर्षी अंगभर गव्हासारख्या लोंब्या येतात, बी धरतं आणि सगळं बेट वाळून मरतं. म्हणून फुललेला बांबू पाहिला की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया डोक्यावरचा पदर सारखा करतात, कोणी गेल्यासारखा. त्यातून हा शाळेच्या आवारातला. पोरं दुपारी भाकरी खाऊन हात धुवायची, ते पाणी मास्तरांनी खणलेल्या चरातून थेट बांबूच्या बुडाशी जायचं. गावाला हे डोळ्यांनी दिसत होतं. तेव्हा पाटील काही अगदी वेड्यासारखं बोलत नव्हता.

आणि मास्तरांच्या हे माझ्याआधी लक्षात आलं. त्यांनी बांबूवरचा एक हात सोडला आणि पाटलाकडे बोट केलं. चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता हे पाटलाला शाबासकीचं फूल देतात.

“पाटील, तुमी बरोबर धरलं! उष्ट्या पान्यानं फुलला, हा झाला तुमचा अंदाज. त्याच्या आतच घड्याळ हाये अन् वेळ झाली म्हनून फुलला, हा माझा. मंग पाहून घेऊ ना! आपल्यापाशी दुसरी कुंडी हाये!”

पाटलाने कपाळावर हात मारला. गावातल्या निम्म्या माणसांनी मारला. दुसरी कुंडी म्हटलं की पुढचा तासभर गेला, हे गावाला अनुभवाने माहीत होतं.

*

गडचिरोलीच्या त्या बाजूला तेव्हा मिडल स्कूल म्हणजे दोन लांब खोल्या, एक ओसरी आणि भोवती साग. वाघ आठवड्यातून एकदा शाळा तपासायला यायचा आणि इन्स्पेक्टरसाहेब वर्षातून एकदा. पोरं घाबरायची ती इन्स्पेक्टरला. मी मराठी शिकवायचो, ड्रिल घ्यायचो आणि उरलेल्या वेळात गप्पा हाणायचो. निकोडे मास्तर विज्ञान शिकवायचे आणि माझ्या गप्पा पंक्चर करायचे.

त्यांची ती कुंडी मी पहिल्यांदा पाहिली ती त्यांच्या वर्गात. मातीच्या दोन कुंड्या, दोन्हींत मूग. एक उन्हात, एक कपाटाच्या मागे अंधारात. पोरांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. पोरं रोज पाहायची. अंधारातला मूग उंच झाला, पण फिकट, लुळा. एक पोरगं म्हणालं, “गुरुजी, ऊन नाई भेटलं म्हनून.” मास्तर म्हणाले, “कायच्यावरून?” पोरगं म्हणालं, “ती दुसरी कुंडी हाये ना बाजूले.” बस. त्या दिवसापासून मास्तरांनी ते शब्द उचलले आणि मरेपर्यंत, म्हणजे मला जेवढे माहीत तेवढ्या काळापर्यंत, खाली ठेवले नाहीत.

एकदा मी ओसरीवर सांगत होतो की चामोर्शीच्या रस्त्यावर मला वाघ आडवा आला, मी रामरक्षा सुरू केली आणि वाघ शेपूट घालून पळाला. गोष्ट चांगली रंगली होती; वाघाचे कान मी वर्णन करून पिरगाळले होते. मास्तर हरभरे सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “अन् रामरक्षा न म्हनता पळते का वाघ, ते पाह्यलं काय?”

“ते कसं पाहणार मास्तर?”

“उद्या जा ना भाऊ त्याच रस्त्यानं. नुसता उभा राह्य. बोलू नको.”

“आणि नाही पळाला तर?”

“तं रामरक्षा खरी ठरन. तुझंही नाव होईन.”

आमच्या हेडमास्तरांना एका वैदूच्या मुळीने सर्दी बरी झाली. ते गावभर सांगत सुटले. मास्तरांनी शाळेच्या शिपायाला पुढे केलं. त्यालाही त्याच दिवशी सर्दी झाली होती, त्याने कोणतीही मुळी खाल्ली नव्हती, नाक सदऱ्याला पुसलं होतं, आणि तो हेडमास्तरांच्या आदल्या दिवशी बरा झाला होता. हेडमास्तर त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मास्तर मला म्हणाले, “मुळी वाईट हाये असं मी म्हनलोच नाई गा. दुसरी कुंडी नाई पाह्यली, एवढंच म्हनलो.”

लग्नाबद्दल विचारलं तरी तेच. चाळिशी आली होती, घरात एक चूल, एक कंदील आणि भिंतीवर ताऱ्यांचा नकाशा. मी म्हणायचो, मास्तर, करून टाका. ते म्हणायचे, “लग्न केलेला निकोडे अन् न केलेला निकोडे, दोघं बाजूबाजूले उभे केल्याशिवाय कसं समजन, कोनता सुखी? एक कुंडी तं माझ्यापाशी हायेच नाई.” सगळे हसायचे. तेही हसायचे, पण हरभरे सोलायचे थांबायचे.

शिकवताना ते हाताची बोटं वापरायचे. करंगळी म्हणजे पाहा. पुढचं विचारा. मधलं अंदाज करा. अंगठ्याजवळचं बोट म्हणजे पडताळा. आणि अंगठा? “चुकलं तं चुकलं म्हना. अंगठा नसन तं मूठ वळत नाई. कुऱ्हाडही धरता येत नाई अन् खडूही.” इन्स्पेक्टर आले तेव्हा त्यांनी एका मुलीला विचारलं, विज्ञान म्हणजे काय? ती उभी राहिली, घाम पुसला आणि म्हणाली, “साहेब, मास्तर चुकले का पाहनं.” साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ठाऊक नाही. मास्तरांनी तिला त्या दिवशी स्वतःच्या डब्यातली तिळाची चटणी दिली.

*

शाळेत विज्ञानाचं म्हणून एक सागवानी कपाट होतं. मास्तरांनी त्याच्या खणांवर खडूने नावं घातली होती: पदार्थविज्ञान, रसायन, वनस्पती, प्राणी, भूगर्भ. पदार्थविज्ञानात एक लोहचुंबक आणि फुटकं भिंग. रसायनात चुना, तुरटी आणि रिकाम्या बाटल्या. भूगर्भात कोळसा, नदीतले गोटे आणि, हेडमास्तरांना जागा नव्हती म्हणून, हेडमास्तरांचा जेवणाचा डबा. सगळ्यांत वरचा खण रिकामा. त्यावर नाव नव्हतं. तो काऊन रिकामा, विचारलं तर म्हणायचे, “ज्याचं अजून शास्त्रच झालं नाई त्याच्यासाठी. उद्या कोनी घेऊन आला तं जागा नको?”

एके दिवशी पोरांनी सुगरणीचं घरटं आणलं. झालं, मास्तर अडकले. प्राण्याच्या खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हे तर गवत, वनस्पतीत हवं. मग पाहिलं की वाऱ्यात ते फांदीवर कसं तोललं जातं, म्हणून पदार्थविज्ञानात. असं ते घरटं आठवडाभर कपाटात चढ-उतार करत राहिलं. बिचाऱ्या सुगरणीने एवढा प्रवास जन्मात केला नसेल.

तेव्हा मुलींच्या वर्गावर अनसूयाबाई होत्या. लहानपणीच विधवा झालेल्या, मास्तरकीचं नॉर्मल स्कूल पास होऊन नोकरी धरलेल्या, पांढरं लुगडं, आणि जीभ अशी की सुपारी कातरावी. त्या दारातून म्हणाल्या, “मास्तर, खन तुमचे हायेत. घरटं सुगरनीचं हाये. तिनं कुठी विचारलं तुमाले?”

मास्तरांनी घरटं हातात फिरवून एकदा पाहिलं. मग ते एवढ्या मोठ्याने हसले की विहिरीतलं पाणी हललं. घरटं त्यांनी वरच्या, बिननावाच्या खणात ठेवलं.

त्यानंतर मधल्या सुट्टीत त्यांचा वाद ठरलेला. पाऊस, गांडूळ, चंद्राचं खळं, भाकरी फुगते कशाने, कसल्याही गोष्टीवर. मास्तर अंदाज सांगायचे आणि बाई त्यात भोक पाडायच्या. दोघांच्या मध्ये कायम दोन-तीन हातांचं अंतर, आणि आम्ही सगळे ओसरीवर, जणू दंडारीचा खेळ पाहायला जमलो आहोत. गावात कोणी वाईट बोललं नाही. बोलणार काय? गांडुळावर बोलणाऱ्या माणसांबद्दल काय बोलणार?

मग कोरपन्याहून, बाईंच्या भावाच्या गावाहून, निरोप आला. अनसूयाबाईंची वहिनी बाळंतपणात गेली होती. भावाची तीन लेकरं, कापसाची शेती, घरात बाई नाही. तेव्हा तो मुलूख वर्धा नदीपलीकडे, हैदराबाद राज्यात, आमच्यासाठी विलायतच. बाईंनी राजीनामा दिला.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तर रानात गेले. देवाच्या ठाण्याजवळच्या बांबूच्या बेटातून, पुजाऱ्याला विचारून, नारळ ठेवून, त्यांनी एकाच बुडाचे दोन कंद काढले. एक शाळेच्या विहिरीजवळ लावला. दुसरा ओल्या पोत्यात गुंडाळून कवडू गाडीवानाच्या गाडीत, अनसूयाबाईंच्या ट्रंकेशेजारी ठेवला.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“प्रयोग,” मास्तर म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हे मी वाढवून सांगत नाही. “एकाच आईचे दोन कंद. इथला मी पान्यावर ठेवतो. तिथला तुमी कोरडा ठेवा. आभायातून पडन तेवढंच पानी. दोघं एकाच साली फुलले तं समजाचं, घड्याळ त्याच्या आत हाये.”

“अन् फुलाले किती वर्सं लागतीन?”

“रानातलं बेट जुनं हाये. कंदाचं वय आईचंच धरा लागते. कधीही फुलन.”

“अन् वाळला तं?”

“तं तेही कळवा.”

बाईंनी पोत्यावर हात ठेवला. “प्रयोग होईस्तोर कळवत राहू म्हंता?”

“होईस्तोर,” मास्तर म्हणाले.

गाडी निघाली. मास्तरांनी तिच्याकडे पाठ करून शाळेच्या कंदाला पाणी घातलं. एवढं घातलं की तो वाहून जातो की काय असं वाटलं.

*

कवडू गाडीवान दर हिवाळ्यात इकडचा तांदूळ घेऊन त्या काळ्या मातीच्या मुलखात जायचा आणि ज्वारी-तूर घेऊन यायचा. बोलणं म्हणजे त्याला बैलांच्या मानेवरचं जादा ओझं वाटायचं. आमच्या ओसरीवर मी जेवढं एका श्वासात बोलायचो तेवढं कवडू दोन जन्मांत बोलला नसता. देवाने निरोप्या निवडला तो असा.

कवडू यायच्या दिवसांत मास्तर शाळा सुटली की रस्त्यावर जाऊन उभे. गाडी दिसली की विचारायचे, “हाये का?”

“हाये,” कवडू म्हणायचा.

तेवढ्यावर मास्तर महिनाभर जगायचे. हाये म्हणजे पानं हिरवी असतील. काळ्या मातीत भेगा पडतात, मुळं खाली गेली असतील. एका वर्षी कवडू म्हणाला, “वास्ता आला.” म्हणजे जमिनीतून नवा कोवळा कोंब निघाला. त्या संध्याकाळी मास्तरांनी मला आणि शिपायाला वास्त्याची भाजी खाऊ घातली आणि स्वतः ताटात तसेच बोट फिरवत बसले.

परतीचा निरोप ठरलेला. “बाईले सांग, कोरडाच ठेवा म्हनावं.”

“सांगतो,” कवडू म्हणायचा.

पावसाने ओढ दिली त्या वर्षी मास्तर चार वेळा म्हणाले, “कोरडाच ठेवा म्हनावं,” आणि मग गाडीमागून पळत जाऊन म्हणाले, “सावलीत ठेवला तं चालन म्हनावं!” मी मनात म्हटलं, मास्तर, कुंड्या दोन आहेत हे खरं, पण पाणी भलतीकडेच पडतंय.

मग शाळेचा बांबू फुलला, आणि गोविंदा पाटील कुऱ्हाडी घेऊन आला, ते मी सुरुवातीला सांगितलंच.

बांबू कवळलेल्या अवस्थेतच मास्तरांनी गावाशी करार केला. कोरपन्याकडचा बांबू पाण्याच्या थेंबाविना वाढला आहे. तोही यंदाच फुलला असेल, तर उष्ट्या पाण्याचा आणि कोपाचा काही संबंध नाही. शाळेचा बांबू आपल्या मरणाने मरेल, कोणी हात लावायचा नाही, आणि मास्तरांना कोणी बोल लावायचा नाही.

“अन् नसन फुलला तं?” पाटील म्हणाला.

“तं कुऱ्हाड मी धरतो. बदलीचा अर्जही मीच करतो.”

कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी खाली टेकवल्या. कारण मास्तरांना जा असं म्हणायला कोणीच आलं नव्हतं. बांबू तोडायला आले होते. पण शब्द निघून गेला होता.

*

शिमग्याच्या सुट्टीत आम्ही कवडूच्या गाडीतून निघालो. मला न्यायचं काही कारण नव्हतं. “साक्षी पाह्यजे,” मास्तर म्हणाले, “पन तू तिथचं वाढवून सांगशीन, म्हनून मीही येतो.” दोन नद्या ओलांडल्या. वाटेत आम्हाला अस्वल भेटलं, त्याने मला ओळखलं, वगैरे गोष्टी आहेत. त्या पुन्हा कधी. साग विरळ होत गेला, जमीन काळी पडत गेली, कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या. जमिनीला अशा भेगा की बैलाचा पाय अडकावा. मास्तर त्या भेगांकडे प्रेमाने पाहत होते. कोरडं, सगळं कोरडं!

अनसूयाबाईंचं अंगण दुरून दिसलं. कुंपणाच्या कोपऱ्यात बांबू उभा होता आणि तो शेंड्यापासून बुडापर्यंत फुलला होता. पिवळट, वाळका, लोंब्यांनी वाकलेला. मास्तर चालत्या गाडीतून उतरले. टोपी पडली ती मी उचलली. पन्नाशीला टेकलेला माणूस अंगणात लहान पोरासारखा बांबूभोवती फिरला.

“फुलला!” ते म्हणाले. “बाई, फुलला!”

अनसूयाबाई दारात उभ्या होत्या. केस पिकले होते. मागे मोठी झालेली तीन लेकरं. त्या हसल्या नाहीत.

मास्तर फिरता फिरता थांबले आणि बुडाशी वाकले. बांबूभोवती आळं होतं. नीट, हाताने लिंपलेलं गोल आळं. सगळ्या मुलखाला भेगा पडल्या असताना त्या आळ्यातली माती काळीभोर, ओली होती. तिच्यात ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा रुतलेला होता. मास्तरांनी माती चिमटीत घेतली आणि चष्म्याजवळ नेली. पाहा, विचारा, अंदाज करा, पडताळा. मला त्यांची चार बोटं दिसत होती.

“बाई,” ते हळू म्हणाले, “हे पानी?”

“पह्यल्याच उन्हाळ्यात पानं गळाले लागली,” अनसूयाबाई म्हणाल्या. “मले पाहवलं नाई. विहिरीचं पानी तं प्याले पुरत नाई इथी. लेकरायनं हात धुतलेलं, भांड्यायचं खरकटं, तेच टाकत गेली.”

“रोज?”

“रोज.”

मास्तर तसेच उकिडवे. “कवडूसंगं सांगतलं काऊन नाई?”

बाईंनी पदर खांद्यावर घट्ट केला. “प्रयोग मोडला म्हनून समजलं असतं तं तुमी निरोप धाडला असता काय?”

मी तिथून उठलो आणि बैलांकडे गेलो. बैलांना माझी काहीच गरज नव्हती.

जेवणं झाली. अंबाडीची भाजी होती, भाकरी होती. ऊन कलल्यावर मी पाहिलं, मास्तर हात धुतल्याचं पाणी घमेल्यात जमा करून बांबूच्या आळ्यात ओतत होते. सावकाश, सगळीकडे सारखं पडेल असं.

“आता कायले घालता?” बाई ओसरीवरून म्हणाल्या. “तो तं मरते आता.”

“आता प्रयोग नाई ना,” मास्तर म्हणाले. “आता नुसता बांबू हाये.”

बाई उतरून आल्या आणि घमेल्याची दुसरी कडा धरली. त्या दोघांमधलं ते दोन-तीन हातांचं अंतर मी तेव्हा शेवटचं मोजायचा प्रयत्न केला. घमेलं लहान होतं.

*

परतताना मी वाटभर मास्तरांना समजावत होतो. खोटं बोला असं मी म्हणत नव्हतो. खोटं बोलायचं काम माझं, ते मी कोणाला देत नाही. मी म्हणत होतो, एवढंच सांगा की तिथलाही फुलला. तेवढं खरंच आहे. गाव गप्प बसतं, बांबू राहतो, तुम्ही राहता.

मास्तर मांडीवर बियांचं गाठोडं धरून बसले होते. बांबूचं बी धानासारखंच दिसतं. ते म्हणाले, “भाऊ, अंगठा.”

चावडीवर सगळे जमले. मास्तर उभे राहिले. “तिथला फुलला,” ते म्हणाले. गावातून सुटकेचा आवाज निघाला. पाटीलही हसला, खरं तर त्याच्याच चेहऱ्यावर सगळ्यात जास्त बरं वाटल्यासारखं दिसत होतं. मग मास्तर म्हणाले, “पन प्रयोग बाद झाला. बाईंनी त्याले पानी घातलं. लेकरायचं उष्टं. रोज.”

“म्हंजे,” पाटील गोंधळला, “उष्ट्या पान्यानंच फुलला?”

“तसंही असू शकते. माझा अंदाज तसा नाई. पन माझ्यापाशी आता दुसरी कुंडी नाई. मले माहीत नाई.”

गोविंदा पाटील इतका वैतागला की जागचा उठला. “अरे मंग सांगाचं नव्हतं ना बाप्पा! कोन चाललं होतं तिथी पाहाले!”

 कोणीही सांगितलं नसताना मास्तरांनी दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेतली आणि बांबू स्वतः तोडला. पोरांनी बी वेचलं. पाटील फाटकाशी उभा राहून म्हणत होता, राहू द्या ना जी, मरूनच राह्यला तो. बदलीचा अर्ज गेला, तोही रानाच्या पार टोकाला, भामरागडला. भामरागडला कोणीच जायला तयार नसतं, त्यामुळे तो अर्ज मंजूर होऊन आला तो जवळजवळ पळतच.

जाण्याआधी मास्तरांनी बियांच्या दोन पुरचुंड्या केल्या. एक कवडूला दिली. तो पावसाळ्याआधी एक खेप करणार होता. “बाईले देजो. सांग, या खेपेले पान्यावरचा तुमी ठेवा. कोरडा मी ठेवतो.”

मला हसू आवरेना. “मास्तर, भामरागडला तीन नद्या मिळतात! तिथं चूल कोरडी राहत नाही, बांबू कोरडा कसा ठेवाल?”

“पत्रा टाकीन वरून.”

“आणि तो फुलेल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल?”

“मी नाई असन,” ते म्हणाले. “पन तोवर कळवा तं लागनच ना कोनाले कोनी.”

लाकडं आणायला निघालेल्या ट्रकमध्ये बसून मास्तर गेले. कपाट शाळेचं होतं, ते राहिलं. वरच्या खणातलं घरटं मात्र त्यांनी मागून घेतलं. ड्रायव्हरशेजारी बसून मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं, आत अंडी असावीत तसं. ट्रक वळणावर गेला तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले. निकोडे मास्तर ओरडलेले मी तेव्हाच ऐकले.

“भाऊ! कवडू आला का निरोप धाडजो! वाढवून नको सांगू!”

माकडं कौलांवरच बसून राहिली.

मग नद्या फुगल्या. आलापल्लीपुढचा रस्ता पाण्याखाली गेला, भामरागडचं टपाल थांबलं, माणसं थांबली. कवडू त्यानंतर आला. गाडी चिखलाने माखलेली, बैल थकलेले. मी पावसात रस्त्यावर उभा होतो. शाळा सुटल्यापासून उभा होतो, मास्तरांच्या जागेवर.

“दिली पुरचुंडी?”

“दिली.”

“निरोप सांगितलास? पाण्यावरचा बाईंनी ठेवायचा, कोरडा मास्तरांनी?”

“सांगतला.”

“मग? काय म्हणाल्या बाई?”

कवडूने बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं, खाली ठेवलं.

“बरं म्हने.”